वाट्याची शिकार, विक्रीची शिकार

आमच्या गावात बंदुकीपेक्षा वाट्याला मान होता. बार कोणाचा लागला हे लोक चार दिवसांत विसरत. वाटा कोणाचा चुकला हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राही. एका चुलीला वाटा पोचला नाही म्हणून वरच्या वाडीने खालच्या वाडीची पालखी दारात घेतली नव्हती, ही गोष्ट माझी थोरली आत्या अजून चढ्या आवाजात सांगते. तिच्या लेखी गावाच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा अन्याय. रत्नागिरी जिल्ह्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेलं हे गाव. मागे कडा, कड्यावर चांदोलीकडचं रान, पुढे भाताची खाचरं आणि काजूच्या बागा. इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून जो इतिहास मी ऐकत वाढले, त्यात राजे आणि लढाया कमी. डुकरं, भेकरं आणि सांबरं जास्त. त्या गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या की आपल्या रानाचं काय झालं आणि कशामुळे झालं, याचा हिशेब लागतो.

शिकार बारमाही नसे. शिमगा उरकला, भाजावळी झाल्या, की आगोटीच्या आधीचे काही आठवडे हा तिचा काळ. गुरवाने ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा, मानकऱ्यांनी दिवस ठरवायचा. गावात ठासणीच्या बंदुका बोटांवर मोजण्याइतक्या. आजोबांची बंदूक मी लहानपणी हाताळली आहे. नळीत आधी दारू ओतायची, गजाने ठासायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली केप. एक बार उडाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात जनावर पऱ्ह्यापलीकडच्या डोंगराला लागलेलं असे. हाकारे उजाडता उजाडता रान घेरत. डबे, ढोल, आरोळ्या यांनी रान उठवत खाली येत, आणि बंदूकवाले जनावरांच्या ठरलेल्या वाटांवर दबून बसत. देवरहाटीत, म्हणजे देवराईत, शिरलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही. गाभण मादी ओळखू आली तर सोडायची. पाऊस लागला की बंदुका तेल लावून माळ्यावर. ‘‘पावसात रान बाळंत असतं,’’ आजोबा म्हणत.

संध्याकाळी वाटे पडत. आत्या परकरी पोर असताना पानं मांडण्याचं काम तिच्याकडे होतं. खळ्यात सागाची पानं ओळीने मांडायची. गावात जितक्या चुली तितकी पानं. एक जाणता माणूस मांस सोडवी आणि प्रत्येक पानावर मांडीचं थोडं, बरगडीचं थोडं, काळजाचा एक तुकडा असं फिरवून टाकत जाई. एका पानावर नुसती हाडं आणि दुसऱ्यावर नुसतं मऊ मांस असं होऊ द्यायचं नाही, यावर साऱ्यांचे डोळे असत. ज्याचा बार त्याला मुंडी आणि एक वाटा जास्त. हाकाऱ्यांना वाटा, कुत्र्यांनाही वाटा. मुलगे मुंबईच्या गिरणीत, घरात एकटी म्हातारी, तरी तिच्या नावाचं पान पडेच. ‘‘चूल पेटते ना? मग पान पडणार,’’ हा नियम. त्या रात्री घरोघर एकच वास. उरलंसुरलं मीठ-हळद लावून चुलीवर टांगत, तेही दोन-चार दिवसांत संपे. हे मांस विकायचं नाही असं कोणी कोणाला बजावत नसे. विकणार तरी कोणाला? सगळ्यांच्याच घरात तेच शिजत होतं.

या गोष्टी ऐकून जुनी माणसं रानाची राखण करणारी साधुसंत होती, असं मानण्याचा मोह होतो. आजोबा स्वतःच तसं मानू देत नसत. ते म्हणत, ‘‘माझ्या बापाने सांबरांचा कळप बघितला. मी एकेकटं सांबर बघितलं. तुझ्या बापाने भिंतीवरची शिंगं बघितली.’’ म्हणजे रान त्यांच्याही काळात आटतच होतं, फक्त सावकाश. आणि त्या सावकाशपणाचं कारणही त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: ‘‘बंदूक एकदाच उडायची, मांस एक रात्र टिकायचं आणि पोट एवढंच असायचं. हातात दुसरी भरलेली बंदूक असती तर आम्ही थांबलो असतो असं मला वाटत नाही.’’

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. शिकारीला मर्यादा होती, आणि ती माणसाच्या चांगुलपणापेक्षा तिच्या हत्यारात, मांसाच्या नासण्यात आणि वाट्याच्या रिवाजात होती. या तिन्ही गोष्टी एकामागून एक सुटल्या, तेव्हा रान रिकामं व्हायला एक पिढी पुरली.

गावाबाहेरची शिकारही तेव्हा जोरात होती, आणि तिची तऱ्हा वेगळी. संस्थानिकांची राखीव रानं होती. राधानगरी-दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. मुरूडजवळचं फणसाड जंजिऱ्याच्या नवाबाचं. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार होई, आणि चित्ते पकडणारे, माग काढणारे हात पारध्यांचे असत. दरबाराला ज्यांची विद्या हवी होती, त्या पारध्यांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात चोर असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी शिक्का लोकांच्या मनातून गेला नाही. साहेबांची शिकार तर खेळ म्हणूनच होती. १८८० मध्ये निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये इथल्या रानातल्या पशुपक्ष्यांची तपशीलवार नोंद आहे. ती वाचताना आपल्याच तालुक्याची ओळख पटत नाही. गंमत म्हणून मारलेलं जनावर शिकार ठरे आणि पोटासाठी मारलेलं चोरी. राखीव रानं पहाऱ्यामुळे वाचली आणि पुढे अभयारण्यं झाली. दाजीपूर १९५८ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं, फणसाड १९८६ मध्ये. गावाच्या वाट्याची जी मोकळी रानं होती, त्यांना असा कोणी धनी उरला नाही.

मोठा बदल कधी झाला, हे मला आमच्या गावच्या एका जुन्या हाकाऱ्याने सांगितलं. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, पण सांगायला बसले की एक डोंगर, एक पाणवठा चुकत नाही. कोयनेच्या धरणाचं काम १९५४ मध्ये सुरू झालं. त्या सुमाराला आणि त्यानंतर घाटमाथ्यावर रस्ते फुटले, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, ठेकेदार आले आणि त्यांच्या मागून जीपगाड्या आल्या. तात्या तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर. शहरातले चार पाहुणे जीप घेऊन आले आणि वाट दाखवायला म्हणून तात्यांना बरोबर घेतलं. दिवसा कोणी निघालंच नाही. रात्री जेवण झाल्यावर निघाले. जीपवर मोठा दिवा. झोत फिरला की सड्यावर डोळे चमकत. भेकर झोतात सापडलं की पळत नाही, जागच्या जागी उभं राहतं. बंदूक काडतुसांची, दोन नळ्यांची. ना हाकारा, ना कौल, ना ढोल. एका रात्रीत दोन भेकरं, एक सांबर आणि ससे जीपमध्ये पडले. पहाटे गाडी खाली उतरताना पाहुण्यांनी तात्यांच्या हातावर दहा रुपये ठेवले.

‘‘पैसे घेऊन मी घरी आलो,’’ तात्या सांगतात, ‘‘तर आईने विचारलं, वाटा कुठाय? मी नोट दाखवली. ती म्हणाली, ही काय सगळ्या वाडीला पुरणार हाय?’’

माझ्या मते आमच्या रानाचा इतिहास त्या नोटेपाशी वळला. पुढची गोष्ट तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. मुंबई-गोवा रस्ता वाहता झाला. रस्त्याकडेच्या काही खाणावळींत ओळखीच्या गिऱ्हाइकाला ताटाखालून ‘रानातलं’ मिळू लागलं. शीतपेट्या आल्या, फ्रिज आले, आणि एका रात्रीत संपणारं मांस महिनाभर टिकू लागलं. मग फोन आले. पूर्वी जनावर पडलं की गावाला कळे; आता गिऱ्हाईक आधी ठरतं आणि जनावर नंतर पडतं. बोकडाच्या मटणाहून भाव जास्त. गावाकडे सुट्टीला आलेल्या पाहुण्याला रानडुकराचं मटण खिलवलं नाही तर पाहुणचार अपुरा, अशी एक नवीच रीत पडली. आत्या म्हणते, ‘‘आमच्या वेळी शिकार लागली तर गावाला कळायचं. आता कोणाला कळू नये म्हणून धडपड.’’

हत्यारंही बदलली. सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे फासकी, आणि सगळ्यात निर्दयही तीच. दुचाकीच्या क्लचची जुनी तार घ्यायची. एका टोकाला सरकता फास, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. काजूच्या बागेच्या वईत, म्हणजे कुंपणात, जिथे डुकरांच्या येण्याजाण्याने भोक पडलेलं असतं, तिथे जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर ती लटकवायची. जनावर मान घालून पुढे सरकतं, तार अडकते, आणि जितकी ओढ घ्यावी तितका फास आवळतो; मागे तो सरकतच नाही. आमच्या बागेशेजारच्या ऐनाच्या झाडाला मी अशी एक वापरलेली फासकी पाहिली आहे. बुंध्याभोवती तारेने साल कापून काढली होती, अगदी आतल्या लाकडापर्यंत. तार पोचेल तेवढ्या अंतरात जमीन गोल उकरलेली, एकही पातं गवत उभं नाही. तारेच्या गाठीत राखाडी केसांचा पुंजका. डुकराचे केस असे नसतात. फासकी लावणाऱ्याने ती डुकरासाठी लावली असेल, पण तार जनावर ओळखत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फासकीत कमरेत अडकलेला बिबट्या ही आता वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी झाली आहे. काही ठिकाणी तर खाद्याच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. डुकराने चावलं की जबडा फुटतो. गुराने, कुत्र्याने चावलं तरी तेच. लावणारा दोन दिवस फिरकला नाही तर मांस कुजून जातं. म्हणजे जे मेलं त्यातलं बरंचसं कोणाच्याच ताटात येत नाही.

कोणत्या जनावराला किती शिकार सोसते, याचं गणित आजोबांच्या पिढीला अनुभवाने ठाऊक होतं. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिलं घालते. भेकराला, सांबराला, गव्याला बहुधा एकच. खवले मांजराचंही तसंच. आईच्या शेपटीवर बसून फिरणारं एकुलतं एक पिल्लू. म्हणून डुकरं मारूनही पुन्हा भरतात आणि भेकरं एकदा गेली की पिढीभर परत दिसत नाहीत. पिसोरी, म्हणजे आपल्याकडचं सशाएवढं इवलंसं हरीण, आमच्या गावातल्या तरुण पोरांना चित्रातच ठाऊक आहे. सावजंच गेली की बिबट्याने काय खावं? तो गावातली कुत्री उचलतो, आणि मग आपणच बिबट्या माजला म्हणून ओरडतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला, पण नकाशावर हद्द आखली म्हणून वाघाचं पोट भरत नाही. त्याला भक्ष्य मिळावं म्हणून सागरेश्वर अभयारण्यातून चितळं आणून चांदोलीत सोडावी लागली. केंट रेडफर्ड या शास्त्रज्ञाने १९९२ मध्येच लिहून ठेवलं होतं की झाडं उभी आहेत म्हणजे अरण्य जिवंत आहे असं समजू नका. आतली जनावरं शिकारीने संपली असतील तर ते रिकामं अरण्य. आमच्या कड्यावरचं रान लांबून आजही हिरवंगार दिसतं.

कायदे झाले नाहीत असं नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्येच वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातही सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. कायद्याने बेकायदा मारलेलं जनावर आणि त्याचं मांस सरकारची मालमत्ता आहे. ते मारणारा जसा गुन्हेगार, तसा ते विकत घेऊन घरी ठेवणाराही. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून एक लाखापर्यंत वाढला. तरीही पकडला जातो तो बहुधा फासकी लावणारा गरीब माणूस. ज्याच्या पैशावर ती फासकी लागली, तो ताटावरून उठून हात धुऊन गाडीत बसलेला असतो.

इथे मला दूरदेशीची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबूतर नावाचा पक्षी होता. त्याचे थवे जाताना सूर्य झाकला जाई. शेकडो वर्षं तिथले मूळ रहिवासी त्याला खात आले, तरी तो कमी झाला नाही. मग आगगाडी आणि तारायंत्र आलं. थवा कुठे उतरला याची तार शिकाऱ्यांना जाई, आणि मारलेली कबुतरं पिंपात भरून रेल्वेने शिकागो, न्यूयॉर्कच्या बाजारात पोचत. शेवटचं प्रवासी कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्याच देशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०० मध्ये तिथे लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांच्या आंतरराज्य व्यापारावर घाव घातला, आणि पुढे एकेका राज्याने रानातल्या हरणाचं मांस विकणं बंद केलं. शिकार मात्र परवान्याने, ठरावीक हंगामात, ठरावीक संख्येने चालू राहिली. शिकाऱ्याने मारावं, घरी खावं, शेजाऱ्याला द्यावं, विकायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं तिथे आज सुमारे तीन कोटी आहेत. आत्याच्या सागाच्या पानांवरचा नियम आणि हा नियम यांत मला फरक दिसत नाही.

याहून जवळचं उदाहरण नागालँडचं. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झालं, पाणी साचलं, आणि दर ऑक्टोबरला सैबेरिया आणि चीनकडून येणारे अमूर ससाणे तिथे लाखोंनी उतरू लागले. लोथा नागा मंडळी शिकार पिढीजात करत आलेली. पण नायलॉनची मासेमारीची जाळी झाडांमध्ये उभी ताणली गेली आणि पक्षी वाहनांत भरून बाजारात जाऊ लागले, हे नवं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सू आणि आपला मुंबईचा पक्षीअभ्यासक शशांक दळवी यांनी तिथे जाऊन हे जगासमोर आणलं. त्यांचा अंदाज होता की दिवसाला १२ ते १४ हजार ससाणे मारले जात आहेत. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांत एकही ससाणा जाळ्यात पडला नाही. ही किमया एकट्या पोलिसांनी केली नाही. ग्रामपरिषदांनी ठराव केले, दंड ठरवले, चर्चमधून लोकांना सांगितलं गेलं, शाळांतून मुलांना शिकवलं गेलं. ज्यांचं उत्पन्न बुडणार होतं त्यांच्याशी बसून बोलणं झालं. २०१३ मध्ये तीन ससाण्यांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले आणि त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिली. हे पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्र पार करून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. वाटेत ते महाराष्ट्रावरूनही जातात. नागालँडच्या त्या गावांनी हात आवरला म्हणून आपल्या आभाळात तो पक्षी आहे.

कोकणातही हे घडलं आहे. समुद्री कासवांची अंडी खणून खाणं आणि बाजारात विकणं आपल्या किनाऱ्यावर सर्रास चाले. आत्याला ती बाजारात टोपलीत मांडलेली आठवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ च्या सुमारास मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावातून घरटी राखण्याचं काम सुरू केलं. घरटी शोधणारे हात गावचेच. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, आणि अंड्यापेक्षा पिल्लाची किंमत गावाला कळली. याच संस्थेने खवले मांजराचं काम हाती घेतलं. जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या प्राण्यांत त्याची गणना होते, खवल्यांसाठी आणि मांसासाठी. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात २०२० मध्ये खवलोत्सव झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून गावाने मिरवली. ज्या देवीपुढे आमचे आजोबा शिकारीचा कौल घेत, तसल्याच देवीच्या अंगणात न मारण्याचा शब्द दिला गेला, ही बाब मला फार मोठी वाटते.

आता शेतकऱ्याचं ऐकलं पाहिजे, कारण त्याच्यावाचून ही गोष्ट खोटी ठरेल. गावातली माणसं मुंबईला गेली, खाचरं पडीक राहिली, रान घरापाठीमागे आलं. डुकरांना लपायला जागा झाली, त्यांना खाणारा वाघ तर गावाजवळ उरलाच नाही. एका रात्रीत पिकलेलं भात लोळवून टाकलेलं मी बांधावर उभी राहून पाहिलं आहे. माझा चुलतभाऊ त्या चिखलात हताश बसला होता. अशा माणसाला वन्यजीवांवर व्याख्यान देण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. नुकसान करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, पण कागद हातात येईपर्यंत पीक गेलेलं असतं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी अनेकदा मांडलं की संरक्षित क्षेत्रांबाहेर स्थानिक लोकांना नियमांनी बांधलेली शिकार करू द्यावी. स्वीडन-नॉर्वेमध्ये होते तशी. त्यावर वाद आहे आणि तो व्हायला हवा. डुकराच्या बाबतीत मला गाडगीळांचं म्हणणं विचार करण्यासारखं वाटतं. भेकर, पिसोरी, खवले मांजर, गवा यांच्या बाबतीत तसूभरही सूट देऊ नये. पण वाद कुठल्याही बाजूने सुटो, एक गोष्ट पक्की असली पाहिजे: रानातल्या मांसाला बाजार मिळता कामा नये. भाव आला की पिकाचं रक्षण हे नुसतं निमित्त उरतं, आणि डुकराच्या नावाने लावलेल्या फासकीत बिबट्या मरतो.

म्हणून काय करायचं, हे मी माझ्या गावाला सांगते तेच इथे लिहिते. नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेत व्हावा म्हणून ग्रामसभेने वनखात्याच्या मागे लागलं पाहिजे. शेतकऱ्याचा राग निवला तर निम्म्या फासक्या आपोआप सुटतील. पावसाआधी आणि कापणीआधी तरुणांनी बागांच्या वया फिरून तारा काढून टाकाव्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात पडून आहे. ती बाहेर काढा आणि तात्यांसारख्या माणसांसमोर बसून भरा. कोणत्या पाणवठ्यावर सांबर येत असे, पिसोरी शेवटची कोणी पाहिली, कोणत्या देवरहाटीत बार टाकत नसत, हे सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. रानात पूर्वी काय होतं हे लिहून ठेवलं नाही, तर आज जे उरलंय तेवढंच होतं असं पुढची पोरं समजतील.

आणि तुम्ही, जे सुट्टीला कोकणात येता, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. खाणावळीत कोणी हळू आवाजात ‘रानातलं आहे, देऊ का?’ असं विचारलं तर नको म्हणा, आणि मोठ्याने म्हणा. गावच्या पाहुणचारात ते ताटात आलं तरी नम्रपणे बाजूला सारा. गावठी कोंबडी आहे, मासे आहेत, कुळथाचं पिठलं आहे. ते मांस कोणी तपासलेलं नसतं, ते विकत घेणं गुन्हा आहे, आणि त्याला तुम्ही मोजलेला पैसा उद्याच्या फासकीची तार विकत घेतो. वाट्याची शिकार आता परत येणार नाही. विक्रीची शिकार थांबवणं मात्र गिऱ्हाइकाच्या, म्हणजे तुमच्याआमच्याच हातात आहे.